आरओ प्लांट एक हजार लिटरचा, खारं पाणीही एक हजार लिटरचं

खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खाऱ्या भूजलाच्या भागातल्या, गावात पाण्याचा आरओ प्लांट घ्यायचं ठरलं की अमरावती, अकोला किंवा नागपूरहून जो माल येतो तो जवळपास एकाच साच्यातला असतो. स्टीलचा सांगाडा, त्यावर १३ इंच व्यासाची आणि ५४ इंच उंचीची दोन एफआरपी (फायबरची) भांडी. एकात वाळू, दुसऱ्यात कोळसा. पुढे २० इंची जंबो कार्ट्रिज, उभा हाय प्रेशर पंप, ४०४० मापाचे (४ इंच व्यास, ४० इंच लांबी) चार मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारे पडदे, आणि शेवटी जंतू मारणारा यूव्ही दिवा. वर पाटी ‘१,००० एलपीएच’, म्हणजे ताशी हजार लिटर गोडं पाणी. कोटेशनला रंगीत फोटो जोडलेला असतो, पण त्यात एक पाइप बहुतेक वेळा कडेला कापला गेलेला असतो. तो रिजेक्टचा, म्हणजे मेम्ब्रेनने अडवलेलं मीठ घेऊन बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्याचा.

हे परीक्षण कुणा एका विक्रेत्याचं नाही, या साच्याचं आहे. ग्रामपंचायत, बचत गट किंवा गावातला एखादा उद्योजक पोरगा तो विकत घ्यायला निघाला असेल, तर त्याच्यासाठी. गोडं पाणी हा प्लांट देतो, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र एका बाजूला बोअर आणि दुसऱ्या बाजूला खारं पाणी, या दोन टोकांबद्दल कोटेशनमध्ये ओळही नसते. आणि प्लांट बंद पडतो तो बहुतेक या दोन टोकांपायीच. पाचपैकी गुण द्यायचेच तर जसाच्या तसा घेतल्यास अडीच, खाली सांगितलेले बदल करून घेतल्यास चार.

आधी मिठाचा हिशोब. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, ३,००० मिलिग्रॅम धरू. पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, शेगाव, संग्रामपूर या बाजूला हा आकडा कुणाला नवल वाटणारा नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० टीडीएस ५०० पर्यंत चांगला मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे आरओ इथे चैन नाही. आता प्लांट १० तास चालला आणि निम्मं पाणी गोडं, निम्मं रिजेक्ट निघालं, तर २०,००० लिटर पाणी बोअरमधून आलं. त्यात ६० किलो क्षार. १०,००० लिटर गोड्या पाण्यातून साधारण एक किलो क्षार जाईल, टीडीएस १०० च्या आसपास. उरलेले ५९ किलो उरलेल्या १०,००० लिटरमध्ये, म्हणजे रिजेक्टचा टीडीएस ५,९००. रोजचं एक पोतं मीठ. वर्षाचे ३०० दिवस धरले तर पावणेअठरा टन. हे मीठ आधी जमिनीच्या पोटात होतं, आता ते गावाच्या नालीत आहे. प्लांट घेण्याआधी ग्रामसभेत हा एकच आकडा फळ्यावर लिहावा.

बोअर

विक्रेता विचारतो, “बोअर आहे ना? पाणी आहे ना?” तेवढ्यावर त्याचं काम भागतं. विचारायला हवं ते वेगळंच. ताशी २,००० लिटर पाणी १० तास सलग मिळतं का, आणि दहाव्या तासाला त्याचा टीडीएस किती असतो?

तपासणी सोपी आहे. २०० लिटरचा ड्रम आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं. ड्रम ६ मिनिटांत भरला तर ताशी २,००० लिटर. पण पहिल्या अर्ध्या तासाचा आकडा धरू नये, तो केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या पाइपात, साठलेल्या पाण्याचा असतो. निदान ६ तास पंप चालू ठेवून दर तासाला ड्रम भरण्याचा वेळ, टेपने मोजलेली पाण्याची पातळी आणि टीडीएस, अशा तीन नोंदी घ्याव्यात. गाळाच्या जमिनीत बऱ्याच ठिकाणी वरचं पाणी कमी खारं आणि खालचं जास्त खारं असतं. पंप जोरात ओढला की खालचं खारं पाणी वर सरकतं. सकाळी २,६०० दाखवणारा बोअर संध्याकाळी ३,४०० दाखवत असेल, तर मेम्ब्रेनची निवड ३,४०० वर करायची.

म्हणूनच जोरात आणि थोडा वेळ उपसण्यापेक्षा हळू आणि जास्त वेळ उपसणं बरं. ताशी साधारण ९०० लिटर देणारा बोअर २२ तास चालवला तर २०,००० लिटर होतात. त्यासाठी कच्च्या पाण्याची टाकी मोठी हवी. प्लांटच्या १० तासांत २०,००० लिटर लागतील आणि बोअर त्या वेळात ९,००० देईल, म्हणजे निदान ११,००० लिटरचा साठा आधीच भरलेला हवा. विक्रेता २,००० लिटरची काळी टाकी ‘फ्री’ देतो. ती या हिशोबात कुठेच बसत नाही. टाकी छोटी असली की बोअरची मोटर तासाला चार वेळा चालू-बंद होते आणि वाइंडिंग जळतं.

पंपावर ड्राय रन प्रिव्हेंटर हवाच, तोही करंट बघून बंद करणारा. बोअरमध्ये सोडलेल्या इलेक्ट्रोडवर खाऱ्या पाण्यात पुटं चढतात आणि मग ते पाणी नसतानाही पाणी दाखवतात. करंटवर चालणारा रिले पाणी संपलं की मोटरवरचा भार घटलेला ओळखतो. बंद झाल्यावर परत चालू होण्याचा टायमर ३० ते ४५ मिनिटांवर ठेवावा, आणि बोअर किती वेळात भरून येतो ते टेपने मोजूनच तो आकडा पक्का करावा.

नवीन बोअर घ्यायचा असेल तर आणखी एक. खारपाणपट्टा गाळाचा आहे, खडकाचा नाही. कातळ फोडणाऱ्या गाडीला जी सवय असते, वर थोडं केसिंग टाकायचं आणि खाली मोकळं भोक सोडायचं, ती इथे चालत नाही. इथे रोटरी गाडी, खालपर्यंत पाइप, पाण्याच्या थरासमोर जाळीचा पाइप आणि त्याभोवती चाळलेली बारीक गिट्टी. यात काटकसर केली की बोअर बारीक रेती आणि चिकणमाती ओकत राहतो, पंपाचे इंपेलर झिजतात आणि कार्ट्रिज दोन दिवसांत तपकिरी होतं. पंप जाळीच्या पाइपासमोर बसवू नये, थोडा वर बसवावा. आत उतरवायचा पाइप एचडीपीई किंवा यूपीव्हीसीचा. जीआय पाइप खाऱ्या पाण्यात फार टिकत नाही.

वाळूचं भांडं आणि बाकी पूर्वतयारी

या साच्यातली सगळ्यात मोठी चूक इथे आहे, आणि ती साध्या गुणाकाराने दिसते. १३ इंची भांड्याचं आतलं क्षेत्रफळ साधारण ०.०८५ चौरस मीटर. त्यातून ताशी २ घनमीटर पाणी काढलं तर वेग पडतो ताशी २३ मीटर. गढूळ पाणी नीट गाळायला तो १० ते १५ च्या आत हवा. म्हणजे वाळू आहे, पण पाणी तिच्यातून पळत जातं. १६ इंची भांडं घेतलं की वेग १५ वर येतो, फरकाचे पैसे कार्ट्रिजमध्येच वसूल होतात. बॅकवॉश, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून वाळू धुणं, रोज १० मिनिटं, आणि पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. पाच मिनिटांनी कंटाळून मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा दांडा फिरवणारे ऑपरेटर पुष्कळ. बॅकवॉशच्या पाण्यातही मीठ आहे हे लक्षात असू द्यावं, तेही रिजेक्टच्याच हिशोबात धरायचं.

कोळशाचं भांडं पाण्यात क्लोरीन टाकत असाल तरच कामाचं. मेम्ब्रेनला क्लोरीन अजिबात सोसत नाही, म्हणून ते लागतं. थेट बोअरमधून येणाऱ्या पाण्यात क्लोरीन नसतंच. तिथे तो कोळसा जिवाणूंचं घरटं होऊन बसतो. फोटोत दोन भांडी शोभून दिसतात म्हणून दुसरं घेऊ नये. त्याच पैशात पहिलं मोठं घ्यावं.

कार्ट्रिज ५ मायक्रॉनचं. ते कधी बदलायचं हे रंगावरून ठरवत नाहीत, दाबावरून ठरवतात. आधीच्या आणि नंतरच्या गेजमध्ये पाऊण ते एक किलोचा (दर चौरस सेंटीमीटरला) फरक आला की बदलायचं. पण या साच्यात गेज एकच असतो. दुसरा गेज स्वस्त आहे, तो लावून मागावा.

अँटीस्केलंट

मेम्ब्रेन मरतात ते यामुळे, म्हणून थोडं सविस्तर. पाण्यातलं कॅल्शियम, सल्फेट, सिलिका रिजेक्टमध्ये दुप्पट घट्ट होतात आणि शेवटच्या मेम्ब्रेनवर पापुद्रा धरतात. तो धरू नये म्हणून दर लिटर कच्च्या पाण्यामागे ३ ते ५ मिलिग्रॅम अँटीस्केलंट लागतं. ४ धरलं तर ताशी २,००० लिटरला ८ ग्रॅम, १० तासांना ८० ग्रॅम.

विक्रेता सोबत ताशी ६ लिटरचा डोझिंग पंप देतो. त्यावर इतका बारीक डोस बसवायचा म्हणजे काटा अगदी तळाशी ठेवावा लागतो आणि तिथे पंप भरवशाचा नसतो. ताशी १ लिटरचा पंप घ्यावा आणि काटा ४० टक्क्यांवर ठेवावा, म्हणजे ताशी ४०० मिली. द्रावण २ टक्क्यांचं, २० लिटर गोड्या पाण्यात ४०० ग्रॅम. रोज ४ लिटर संपेल, टब ५ दिवस पुरेल. यापेक्षा जास्त दिवसांचं पातळ द्रावण करून ठेवलं की ते बुरसतं. टब भरताना प्लांटचंच पाणी वापरावं, बोअरचं नाही.

या हिशोबाचा खरा उपयोग तपासणीला आहे. टबावर मार्करने रेघा मारा. रोज ४ लिटर उतरलं नाही तर डोस गेला नाही, मग पंपाचा लाल दिवा लुकलुकत असो की नसो. नळीत हवा अडकते, खालची जाळी चोंदते, कधी ऑपरेटर औषध संपल्यावर नुसतं पाणी भरून ठेवतो. डोझिंग पंपाची वायर हाय प्रेशर पंपाच्या कॉन्टॅक्टरवरून घेतलेली हवी, म्हणजे दोन्ही पंप एकदमच चालू-बंद होतात. वेगळ्या प्लगवर असेल तर तो प्लग एक दिवस मोबाइलच्या चार्जरसाठी निघणारच.

पंप आणि मेम्ब्रेन

४०४० मापाच्या चांगल्या मेम्ब्रेनची कागदावरची क्षमता दिवसाला साधारण ९.१ घनमीटर, म्हणजे ताशी ३८० लिटर. पण ती टीडीएस २,००० च्या पाण्यावर, २५ अंशांना आणि १५.५ बार दाबाने. आपल्या ३,००० च्या पाण्यातून चार मेम्ब्रेन मिळून ताशी १,००० लिटर काढायचं तर नवीन असताना १२ ते १३ किलो दाब लागतो. त्याला २ एचपीचा बहुटप्पी पंप हवा. बरेचदा दीड एचपीचा येतो, गेज ९ किलोवर थांबतो आणि गोडं पाणी ताशी ६०० लिटरच्या आसपास. पाटी १,००० चीच राहते. थंडीत कच्चं पाणी गार झालं की दर अंशामागे उत्पादन साधारण ३ टक्क्यांनी घटतं, तेव्हा पौष-माघात ‘मेम्ब्रेन खराब झाला’ म्हणून घाईने नवा विकत घेऊ नये. आधी थर्मामीटर बघावा.

आता जोडणी. चार मेम्ब्रेन चार वेगळ्या हाऊसिंगमध्ये (नळकांड्यांमध्ये) असतात. पहिल्याचं रिजेक्ट दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात, अशी साखळी हवी. काही मिस्त्री सोय म्हणून चौघांना समांतर पाणी देतात. मग प्रत्येकातून फक्त २५० लिटर रिजेक्ट बाहेर पडतं. या मापाच्या मेम्ब्रेनमधून निदान ताशी ७०० लिटरच्या आसपास रिजेक्ट वाहत राहिलं पाहिजे, नाहीतर आतला गाळ आणि क्षार धुऊन निघत नाहीत. समांतर जोडलेले मेम्ब्रेन काही महिन्यांतच दगड होतात, आणि दोष ‘तुमच्या गावच्या पाण्याला’ दिला जातो. पाइप बोटाने धरून कुठून कुठे जातो ते बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

‘फुल एसएस’ (स्टेनलेस स्टील) या शब्दावरही भाळू नये. ते बहुतेक ३०४ ग्रेडचं असतं. क्लोराइड जास्त असलेल्या पाण्यात ३०४ ला वेल्डिंगच्या जागी टाचणीएवढी भोकं पडतात. जास्त दाबाच्या भागात ३१६ मागावं, कमी दाबाला यूपीव्हीसी पुरतं.

वीज गेली की या प्लांटचं जे होतं ते कोटेशनमध्ये नसतं. चालू प्लांट बंद पडला की आत दुप्पट खारं पाणी तसंच उभं राहतं आणि तिथेच क्षार बसायला लागतात. उपाय सोपा. उंचावर गोड्या पाण्याची १०० लिटरची टाकी आणि वीज गेल्यावर आपोआप उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. चार हाऊसिंगमध्ये मिळून ३० लिटरच्या आसपास पाणी मावतं, त्याच्या तिप्पट गोडं पाणी आतून वाहून गेलं की काम झालं. प्लांट दोन-तीन दिवसांहून जास्त बंद राहणार असेल तर एक टक्का सोडियम मेटाबायसल्फाइटचं द्रावण भरून ठेवावं, नाहीतर आत शेवाळी वास धरतो. थ्री फेज मोटर असेल तर सिंगल फेज प्रिव्हेंटर लागतो, हे विदर्भात कुणाला सांगायला नको.

उत्पादन १० ते १५ टक्के घटलं किंवा मेम्ब्रेनच्या दोन्ही टोकांमधला दाबाचा फरक १५ टक्के वाढला की मेम्ब्रेन धुवायचे. १०० लिटर गोड्या पाण्यात २ किलो सायट्रिक ॲसिड, अर्धा तास हळू फिरवणं, तासभर भिजत ठेवणं, परत फिरवणं. हे क्षारांसाठी. चिकणमाती आणि जिवाणूंच्या बुळबुळीसाठी आधी सौम्य कॉस्टिक, पीएच ११ ते १२, मग ॲसिड. दोन्ही एकत्र कधीच नाही. कॅल्शियम सल्फेट बसलं असेल तर सायट्रिकने फारसा फरक पडत नाही, म्हणून पाण्याच्या अहवालात सल्फेट आणि सिलिका हवंच, नुसतं टीडीएस आणि हार्डनेस नाही.

रिकव्हरी वाढवावी का

“७५ टक्के रिकव्हरी करून देतो, खारं पाणी कमी होईल” असं एखादा विक्रेता सांगतो. रिकव्हरी म्हणजे आत गेलेल्या पाण्यापैकी गोडं किती टक्के निघतं ते. विक्रेत्याचं म्हणणं खरं आहे आणि अर्धवटही आहे. १०,००० लिटर गोड्या पाण्यासाठी ५० टक्क्यांना १०,००० लिटर रिजेक्ट, ६० ला ६,७००, ७५ ला ३,३००. पण टीडीएस ५,९०० वरून ७,३५० आणि मग ११,७०० वर जातो. बोअरमधून कमी उपसल्यामुळे मीठ ५९ किलोवरून ३९ वर येतं, हा फायदा मात्र खरा.

अडचण अशी की एका मेम्ब्रेनमधून एका फेरीत १५ टक्क्यांच्या आसपासच गोडं पाणी घेणं सुरक्षित असतं. चार मेम्ब्रेनच्या साखळीत ४५-५० च्या वर जायचं तर रिजेक्टचा काही भाग परत पंपाकडे वळवावा लागतो. मग पंप जास्त खारं पाणी दाबतो, वीज वाढते, गोड्या पाण्याचा टीडीएस वाढतो आणि क्षार चौपट घट्ट होतात. सहा मेम्ब्रेन असतील आणि अँटीस्केलंटची शिस्त असेल तर ६० पर्यंत जावं. चार मेम्ब्रेनवर ७५ म्हणजे वर्षाच्या आत नवे चार.

खारं पाणी कुठे जातं

कोटेशनमध्ये कधी लिहिलंच असेल तर एवढं: ‘रिजेक्ट ड्रेनला, ग्राहकाच्या जबाबदारीवर’. प्रत्यक्षात पाच वाटा दिसतात.

पहिली, शोषखड्डा. दीड मीटर लांब, रुंद, खोल खड्डा दगडांनी भरला की त्यात साधारण १,३५० लिटर पाणी मावतं. सव्वा तासात भरतो. खाली काळी चिकणमाती, आणि सोडियमवाल्या पाण्याने ती फुगून आणखी घट्ट होते. पहिल्या आठवड्यात पाणी जिरताना दिसतं कारण जमिनीला भेगा असतात. भेगा मिटल्या की रस्त्यावर डबकं. सांडपाण्याच्या शोषखड्ड्याची योजना चांगलीच आहे, पण ती रोजच्या १०,००० लिटर खाऱ्या पाण्यासाठी नाही.

दुसरी, वावर. “कपाशीला खारं सोसतं” हे वाक्य हमखास ऐकू येतं. कपाशी इतर पिकांपेक्षा खारं सोसते हे बरोबर, पण प्रश्न पिकापेक्षा जमिनीचा आहे. या पाण्याची क्षारता ईसीच्या (विद्युतवाहकतेच्या) भाषेत ९ डेसीसायमन प्रति मीटरच्या आसपास, आणि त्यात सोडियमचा वाटा मोठा. भारी काळ्या जमिनीत सोडियम बसला की माती विस्कटते, पाऊस मुरत नाही, वर साचतो आणि वाळल्यावर ढेकूळ दगडासारखं होतं. चोपण जमीन म्हणतात ती हीच. एकदा केलेली चोपण जमीन जिप्समच्या पोत्यांनी आणि पावसाच्या गोड्या पाण्याने सुधारायला वर्षं जातात. धुऱ्याशेजारचा कास्तकार भांडायला येतो तो यासाठी, आणि त्याचं बरोबर असतं.

तिसरी, जुनी पडकी विहीर किंवा सुकलेला बोअर. ही सगळ्यात वाईट, कारण पाणी गुपचूप नाहीसं होतं आणि कुणी तक्रार करत नाही. तेलाच्या विहिरींवर तेलासोबत वर येणारं खारं पाणी पुष्कळदा परत जमिनीतच दाबतात, हे ऐकून कुणीतरी तसं सुचवतं. तिथे ते गोड्या पाण्याच्या थरांच्या खूप खाली, वर पक्कं आवरण असलेल्या थरात, बाहेरून सिमेंट भरलेल्या केसिंगमधून जातं. आपली जुनी विहीर ज्या थरात आहे त्याच थरातून शेजारचा हातपंप पाणी ओढतो. पावसाळ्यात वर जो थोडासा गोड्या पाण्याचा थर साचतो तोही जातो. आणि ही विहीर प्लांटच्या बोअरजवळ असली तर दोनेक वर्षांत कच्च्या पाण्याचा टीडीएसच वाढून बसतो. आपलंच मीठ आपण परत उपसतो.

चौथी, वापर. थोडं पाणी इथे खरंच खपतं. सार्वजनिक शौचालयाच्या टाकीत, शाळेच्या शौचालयात, रस्त्याची धूळ दाबायला, प्लांटची फरशी धुवायला. पण बांधकामाला नाही. आयएस ४५६ प्रमाणे सळईच्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं, या पाण्यात ते सहज कितीतरी जास्त असतं. घरकुलाच्या स्लॅबला हे पाणी मारलं की सळई गंजून स्लॅब आतून फुटतो. ट्रॅक्टर धुवायलाही देऊ नये. जनावरांच्या हौदात सोडणं मोहाचं असतं, पण टीडीएस ५,००० च्या वरचं पाणी गाभण आणि दुभत्या जनावरांना टाळायचं असतं.

पाचवी, उथळ बाष्पीभवन तळं. दिसायला ओबडधोबड, खर्चिक, जागा खाणारं, तरीही मीठ एका जागी धरून ठेवणारं हे एकच. हिशोब असा. खाऱ्या पाण्याचं बाष्पीभवन वर्षाच्या सरासरीने दिवसाला ५ मिलिमीटर धरलं तर १०,००० लिटरला २,००० चौरस मीटर, म्हणजे २० गुंठे. त्यात वर्षाचा ७५० मिलिमीटर पाऊस पडणार, तोही उडवावा लागणार. तो धरला की जागा ३४ गुंठ्यांपर्यंत जाते. इथेच डोळे पांढरे होतात, आणि व्हायलाच हवेत. मग मागे वळून विचार सुरू होतो. गावाला १०,००० लिटर लागतात का? ३०० घरांना रोज २० लिटरचा एकेक कॅन म्हणजे ६,००० लिटर. रिकव्हरी ६० केली तर रिजेक्ट ४,००० लिटर. त्यातलं १,००० शौचालयांना गेलं तर तळ्याला ३,०००, जागा साधारण १० गुंठे. गावठाणालगत एवढी पडीक जागा शोधली तर सापडते.

तळं उथळ हवं, मीटरभराहून खोल नको. पाणी उडतं ते पृष्ठभागावरून, खोलीचा काही उपयोग नाही. शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद खाली लागतोच. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, नुसत्या मातीच्या तळ्यातून खारं पाणी त्या भेगांतून सरळ खाली जातं. बांध आजूबाजूच्या जमिनीपेक्षा अर्धा मीटर तरी उंच, म्हणजे बाहेरचं पावसाचं पाणी आत येणार नाही. भोवती काटेरी कुंपण, जनावरं आणि पोरं आत जाऊ नयेत म्हणून. मे महिन्यात तळाशी पांढरा थर दिसतो. तो फावड्याने काढायचा तर कागद फाटतो, लाकडी फळीने ओढावा. गोळा केलेलं मीठ पोत्यात भरून छपराखाली, कोरड्या ओट्यावर. नाल्यात टाकलं तर वर्षभराची मेहनत आषाढातल्या एका पावसात पूर्णेला जाते.

ताबा घेताना

पैसे पूर्ण देण्याआधी सलग तीन दिवस रोज १० तास प्लांट चालवून घ्यावा. रोटामीटर (प्रवाह मोजणारे मीटर) दोन हवेत, एक गोड्या पाण्याला आणि एक रिजेक्टला. साच्यात दुसरा बहुतेक नसतो. तीन टीडीएस आणि दोन प्रवाह मिळाले की खरंखोटं कागदावर तपासता येतं. २,००० गुणिले ३,००० म्हणजे ६० लाख. गोडं १,००० गुणिले १०० म्हणजे १ लाख, रिजेक्ट १,००० गुणिले ५,९०० म्हणजे ५९ लाख. बेरीज जुळली तर मीटर बरोबर. फार फरक असेल तर रोटामीटर तरी खोटा किंवा टीडीएस मीटर तरी.

गोड्या पाण्याच्या टाकीत बोअरचं पाणी येणारा बायपास व्हॉल्व्ह आहे का, तेही बघावं. ‘चव येण्यासाठी’ तो ठेवलेला असतो. दहा टक्के मिसळलं की टीडीएस १०० चा ३९० होतो, मानकात बसतो आणि कुणाला कळत नाही. पण त्याच्यासोबत नायट्रेट, फ्लोराइड आणि जिवाणूही टाकीत येतात. नायट्रेट ४५ च्या आणि फ्लोराइड १ च्या आत असल्याचा मिश्र पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल नसेल तर तो व्हॉल्व्ह काढून तोंडाला टोपी बसवावी.

यूव्ही दिवा साधारण ८,००० ते ९,००० तास टिकतो. त्यानंतरही तो निळा दिसत राहतो, काम मात्र करत नाही. आणि त्याचा परिणाम नळापर्यंतच. घाण कॅनमध्ये भरलेलं पाणी परत घाण.

सर्व्हिसचा करार करताना ‘वर्षातून चार भेटी’ एवढं लिहून भागत नाही. प्रत्येक भेटीत दाब, दोन्ही प्रवाह, तीन टीडीएस, अँटीस्केलंटचा साठा आणि कच्च्या पाण्याचं तापमान वहीत लिहून सही करायची, असं करारात घालावं. वही प्लांटमध्येच दोरीने बांधून ठेवावी. तंत्रज्ञाच्या मोबाइलमधल्या नोंदी त्याच्याबरोबरच जातात.

विक्रेत्याला शेवटचा प्रश्न एकच विचारावा: रिजेक्टचा पाइप कुठे संपतो ते नकाशावर काढून, लांबी आणि व्यासासकट, कोटेशनला जोडून देणार का? जो देईल त्याचा दर थोडा जास्त असला तरी त्याच्याकडूनच घ्यावा.